स्तंभी

पास्कोल किणी जिना चढून आला तेव्हा
मी पुढच्या वर्षाच्या क्षयतिथी तपासत होतो.
काखेत बांबूच्या कामट्या, खिशात खळीची पुडी,
आणि नात जसिंताने वरळीच्या तारांगणातून
घरी आणलेला प्रश्न:
‘गुरुजी, तो तारा व्हता तरी कोन?’

माझगावात डिसेंबर म्हणजे
गोदीवरून येणारा डांबरवासाचा वारा,
माथारपाखाडीच्या क्रुसाला नवा चुना,
आणि गॅलरीगॅलरीत कागदी चांदण्या,
पोटातून वायर लोंबणाऱ्या.
त्यांतली एकही कुठल्या नक्षत्रात बसत नाही.

शकाच्या चौऱ्याऐंशी वर्षं आधी, मी सुरुवात केली,
मीन राशीत गुरू आणि शनी
एका वर्षात तीनदा भेटले.
भेटले म्हणजे,
मधे दोन चंद्र मावतील एवढी जागा ठेवून,
वाटणीच्या दाव्यात भाऊ बसतात तसे.
त्याला एक तारा कोण म्हणेल?
पुढल्या साली मेषेतला गुरू, चंद्राने झाकलेला:
सूर्याच्या इतका लगत
की तो फक्त गणितात दिसतो.
मग मकरेतलं शेंडेनक्षत्र.
चिन्यांनी सत्तर दिवस लिहून ठेवलंय.
पण शेंडेनक्षत्राला बारशाला कोण बोलावतं?
नाहीतर एखादा तारा फुटला असेल,
त्याची राख अजून कुणाला सापडली नाही.

पास्कोल माझ्याच स्टोव्हवर खळ शिजवत होता.
‘पन शुभवर्तमानात हाय, तो थांबला.
घराच्या वर येऊन थांबला.’

थांबला.
याला आमच्यात शब्द आहे: स्तंभी.
वक्री होण्याआधी ग्रह काही दिवस
जागचा हलत नाही.
सारणीत तोच अंश ओळीखाली ओळ उतरत राहतो,
बोटं लिहून कंटाळतात.
पण तो एकाच्या कौलांवर थांबत नाही रे,
थांबला तर सगळ्यांच्याच.

आणि ते तिघे
(तीनच होते असं कुठे लिहिलेलं नाही)
माझ्याच पेशातले.
वर्ष बरोबर काढलं, दिशा बरोबर काढली,
आणि पत्ता विचारायला गेले कुठे?
राजवाड्यात.
राजाने अदबीने, दार लावून घेऊन विचारलं,
तारा नेमका कधी दिसला?
त्यांनी वेळ सांगितली.
गणकाला वेळ विचारली की त्याला राहवत नाही.
तीच वेळ धरून राजाने
गावातली दोन वर्षांखालची पोरं मोजली.

इथे मी पाणी प्यायलो.

सहा वर्षांपूर्वी एक माणूस पेढे घेऊन आला होता.
मी गुरुपुष्य काढून दिला,
सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं.
कशाचा मुहूर्त, हे मी विचारलं नाही.
नऊ-बाराला ब्रागांझा चाळीवर पहिली पहार पडली.
बावीस बिऱ्हाडं रस्त्यावर,
त्यांतलं एक किण्यांचं,
फुटपाथवर ठेवलेल्या वेदीसकट.
पास्कोलला हे माहीत आहे की नाही,
मला माहीत नाही.
खळ ढवळताना त्याने वर पाहिलं नाही.

संध्याकाळी त्याच्या भाड्याच्या खोलीवर
चांदणी लावताना शिडी मी धरली.
होल्डर सैल. बल्ब दोनदा विझला,
तिसऱ्यांदा लागला,
आणि वाऱ्यावर चांदणी झुलत राहिली.
समोरच्या पत्र्यांच्या कुंपणावर
तिचा उजेड इकडून तिकडे, तिकडून इकडे.
‘थांबत का नाही हा?’ जसिंताने विचारलं.
मी म्हटलं, सुतळी आण.

स्वप्नात ताकीद मिळाल्यावर ते ज्योतिषी म्हणे
दुसऱ्या वाटेने गावी परतले.
नाक्यावर त्या माणसाचं ऑफिस आहे,
काचेआडून तो रोज हात वर करतो,
आणि मीही.

आज मागच्या गल्लीने आलो.
लांब पडते. दिवे नाहीत.